अल्ट्रा ६० मधील क्रिएटर थ्रीडी फ्रेम बफर: मोड नेमका कोण ठरवतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सन मायक्रोसिस्टिम्सचे जुने अल्ट्रा ६० वर्कस्टेशन आपल्या हाती आले आहे. त्यात क्रिएटर थ्रीडी हे ग्राफिक्स कार्ड (फ्रेम बफर, म्हणजे पडद्यावरचे चित्र स्मृतीत साठवून मॉनिटरला पाठवणारे कार्ड) आणि सोलारिस ८ ही प्रणाली आहे. मूळ मॉनिटर मिळाला नाही, म्हणून १३डब्ल्यू३ (कार्डावरील सनचा व्हिडिओ-जोड) ते व्हीजीए असा अडॅप्टर लावून आपण १२८०×१०२४ चा एलसीडी मॉनिटर जोडला आहे. यंत्र सुरू होताना अक्षरे दिसतात, पण ती फुगीर आणि पुसट असतात. लॉगिनचा पडदा यायच्या वेळी मॉनिटर ‘सिग्नल कक्षेबाहेर’ असे सांगून काळा होतो. दुसरा, जुना सीआरटी (काचेच्या नळीचा) मॉनिटर लावल्यावर लॉगिन होते, पण एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत माउस नेला की आधीच्या खिडकीचे रंग बदलतात. कार्ड बदलावे लागेल का, असे आपण विचारले आहे.

कार्ड बदलू नये. या तिन्ही लक्षणांपैकी एकही कार्ड बिघडल्याचे नाही. या यंत्रात पडद्याचा मोड, म्हणजे चित्राचे माप आणि ते दर सेकंदाला किती वेळा काढायचे तो आकडा, तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठरतो आणि ही ठिकाणे एकमेकांना विचारत नाहीत. पहिले ठिकाण म्हणजे मॉनिटरच्या केबलमधील ओळख-तारा, ज्यांना सेन्स लाइन म्हणतात. दुसरे म्हणजे ओपनबूट या पीरॉमच्या (यंत्र सुरू होताच चालणाऱ्या अंगभूत प्रोग्रॅमच्या) एनव्हीरॅममध्ये, म्हणजे वीज बंद झाली तरी टिकणाऱ्या स्मृतीत, साठवलेली आउटपुट-डिव्हाइस ही नोंद. तिसरे म्हणजे सोलारिसमधील ओडब्ल्यूकॉन्फिग ही फाइल, जी विंडो सिस्टिम सुरू होताना वाचली जाते. आपल्याकडे पहिल्या ठिकाणाहून काहीच माहिती येत नाही, दुसरे ठिकाण रिकामे आहे आणि तिसऱ्या ठिकाणी बहुधा आधीच्या मालकाने त्याच्या सीआरटीसाठी लिहिलेला मोड अजून तसाच आहे. (पुढे आज्ञांची आणि फाइलींची नावे मी देवनागरीत लिहीत आहे. यंत्रावर ती अर्थातच रोमन लिपीत टंकावीत, आणि ओडब्ल्यूकॉन्फिगमधील ओ, डब्ल्यू आणि एक्ससर्व्हर्समधील पहिला एक्स ही अक्षरे मोठी लिहावीत.)

आज्ञांकडे वळण्यापूर्वी या कार्डाच्या स्मृतीचा हिशेब पाहून घेणे आवश्यक आहे, कारण कोणता मोड मागावा आणि कोणता मागू नये हे त्यावरूनच कळते. क्रिएटर मालिका १९९५ साली अल्ट्रा १ बरोबर आली. तिच्यामागची कल्पना मायकेल डीअरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ च्या सिग्राफ परिषदेत एफबीरॅम या नावाने मांडली होती आणि त्या चिप मित्सुबिशीने थ्रीडीरॅम या नावाने बनवल्या. नेहमीच्या फ्रेम बफरमध्ये त्रिमिती चित्र काढताना प्रत्येक पिक्सेलसाठी आधीची खोली (तो बिंदू पाहणाऱ्यापासून किती दूर आहे ते) स्मृतीतून वाचायची, नव्या खोलीशी तुलना करायची आणि मग हवे तर लिहायचे, असा येरझारा घालावा लागतो. थ्रीडीरॅममध्ये ही तुलना करणारे मंडल स्मृतीच्या चिपच्या आतच असल्यामुळे कार्डाला केवळ लिहित जायचे असते, आणि त्या काळात हे कार्ड इतके चपळ वाटण्याचे मुख्य कारण तेच होते.

या चिपची क्षमता प्रत्येकी १० मेगाबिट असते. साध्या क्रिएटरमध्ये अशी ५ मेगाबाइट स्मृती असते, तर क्रिएटर थ्रीडीमध्ये १५ मेगाबाइट. १२८० ला १०२४ ने गुणल्यास १३,१०,७२० पिक्सेल होतात आणि प्रत्येक पिक्सेलला ३२ बिट दिले तर बरोबर ५ मेगाबाइट लागतात. दोन चित्र-बफर आणि खोलीचा एक बफर मिळून प्रत्येक पिक्सेलला ९६ बिट होतात, म्हणजे बरोबर १५ मेगाबाइट. हे कार्ड १२८०×१०२४ या मापासाठीच बेतलेले आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे. याच कार्डाच्या मोडयादीत ९६०×६८० असे एक विचित्र माप दिसते. ते डाव्या-उजव्या डोळ्यांना आळीपाळीने चित्र दाखवणाऱ्या स्टिरिओ चष्म्यांसाठी आहे. ९६० गुणिले ६८० गुणिले दोन डोळे म्हणजे १३,०५,६०० पिक्सेल, जे १३,१०,७२० मध्ये जेमतेम मावतात. हे माप याच हिशेबातून निघाले असावे, असे माझे मत आहे. याच्या उलट १९२०×१२०० चा मोड मागितला तर एकाच चित्र-बफरला सुमारे ८.८ मेगाबाइट लागतात आणि उरलेल्या जागेत तेवढाच दुसरा बफर मावत नाही. त्यामुळे मोठे मोड यादीत दिसले, तरी त्रिमिती कामासाठी हे कार्ड वापरायचे असेल तर त्यांच्या मागे लागू नये. शिवाय त्यांतील काही मोड कार्डाच्या ठराविक आवृत्त्यांवरच चालतात.

आता आपल्या लक्षणांकडे येऊ. मूळ सन मॉनिटरच्या केबलमध्ये तीन सेन्स लाइन असतात आणि त्यांच्या जोडणीवरून कार्ड ० ते ७ असा एक संकेत वाचते. तिन्ही तारा मोकळ्या असल्या की संकेत ७ येतो आणि त्याचा अर्थ ‘कोणता मॉनिटर आहे ते माहीत नाही’ असा घेऊन यंत्र ११५२×९००, ६६ हर्ट्झ हा मोड निवडते. साध्या अडॅप्टरमध्ये या तारा पुढे कोठेच जोडलेल्या नसतात, त्यामुळे आपल्याला हाच मोड मिळत आहे. ११५२×९०० हे माप आज विक्षिप्त वाटते, पण सनच्या जुन्या एकरंगी पडद्यांवर एका पिक्सेलला एकच बिट असे आणि १०,३६,८०० पिक्सेल १२८ किलोबाइटमध्ये मावत असत. ती परंपरा पुढे रंगीत पडद्यांवरही टिकली. आपला एलसीडी हे चित्र ताणून १२८०×१०२४ वर बसवतो, म्हणून अक्षरे फुगीर दिसतात.

लॉगिनच्या वेळी होणारा काळोख वेगळ्या कारणाने आहे. सनच्या १९ आणि २० इंची सीआरटी मॉनिटरांचा लाडका मोड १२८०×१०२४, ७६ हर्ट्झ हा होता. त्यात पिक्सेल-घड्याळ (पिक्सेल पाठवण्याचा वेग) १३५ मेगाहर्ट्झवर चालते आणि आडवी वारंवारता (दर सेकंदाला काढल्या जाणाऱ्या ओळी) ८१ किलोहर्ट्झच्या किंचित वर जाते. आपल्या मॉनिटरच्या माहितीपत्रकात आडव्या वारंवारतेची वरची मर्यादा पाहावी. या आकाराच्या बहुतेक एलसीडींमध्ये ती ८० किंवा ८१ किलोहर्ट्झ आणि उभी मर्यादा ७५ हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे हा मोड थोडक्यात हुकतो. एखादा एलसीडी तो दाखवतोही, त्यामुळे ‘माझ्याकडे चालते’ असे सांगणारे लोक भेटतात. त्यांच्यावर विसंबू नये. १२८०×१०२४, ६७ हर्ट्झ हाही एक मोड यादीत आहे. त्याची आडवी वारंवारता सुमारे ७१.७ किलोहर्ट्झ असल्याने तो कक्षेत बसतो, पण तो व्हेसाच्या (मॉनिटरांची मानके ठरवणाऱ्या संघटनेच्या) प्रमाण-मोडांपैकी नाही आणि एलसीडीला एका ओळीतील पिक्सेलांची एकूण संख्या अंदाजाने ठरवावी लागते. अंदाज चुकला की पडद्यावर उभे पुसट पट्टे येतात. म्हणून आपल्यासाठी १२८०×१०२४, ६० हर्ट्झ हाच मोड योग्य आहे. त्याचे पिक्सेल-घड्याळ १०८ मेगाहर्ट्झ आणि आडवी वारंवारता ६४ किलोहर्ट्झ असते आणि प्रत्येक एलसीडी त्याला ओळखतो. सीआरटीवर ६० हर्ट्झला जाणवणारी लुकलुक एलसीडीवर नसते, त्यामुळे आकडा लहान आहे म्हणून कमीपणा मानण्याचे कारण नाही.

अडॅप्टरविषयी एक सावधगिरी सांगतो. १३डब्ल्यू३ हा जोड बाहेरून एकसारखा दिसत असला, तरी सन आणि सिलिकॉन ग्राफिक्स यांची आतील पिनांची मांडणी वेगळी आहे, म्हणून अडॅप्टर सनसाठीचाच असल्याची खात्री करावी. सनसाठीचे बहुतेक अडॅप्टर संयुक्त सिंक (आडवा आणि उभा ताळमेळ राखणारे संकेत एकाच तारेवर) घेऊन ते मॉनिटरच्या आडव्या सिंकच्या तारेवर देतात. मॉनिटर संयुक्त सिंक स्वीकारत नसेल, तर कोणताही मोड निवडला तरी चित्र स्थिर होणार नाही. आपल्याकडे सुरुवातीची अक्षरे स्थिर दिसत आहेत, म्हणजे हा प्रश्न आपल्यापुरता सुटलेला आहे.

प्रत्यक्ष कामाला लागण्याआधी सिरियल कन्सोल (दुसऱ्या संगणकावरून केबलद्वारे यंत्राला आज्ञा देण्याची सोय) तयार ठेवावा, हा माझा आग्रह आहे. फ्रेम बफरशी खेळताना पडदा केव्हाही काळा होऊ शकतो आणि मग न दिसणाऱ्या पडद्यावर टंकत बसावे लागते. अल्ट्रा ६० ची सिरियल पोर्ट ए ही २५ पिनांची आहे. तिला नल मोडेम केबल जोडून दुसऱ्या संगणकावर ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट अशी जुळणी करावी. सनचा कीबोर्ड काढून यंत्र सुरू केले की कन्सोल आपोआप या पोर्टवर येतो. एनव्हीरॅममध्ये काही भलतेच लिहिले गेले, तर कीबोर्ड जोडून स्टॉप आणि एन या कळा दाबून ठेवून यंत्र सुरू केल्यास मूळ जुळणी परत येते.

पहिली पायरी पीरॉमची आहे. यंत्र सुरू होताना स्टॉप आणि ए दाबून ओके हा संकेत मिळवावा. तेथे सेटएन्व्ह, मग एक मोकळी जागा, मग आउटपुट-डिव्हाइस, पुन्हा मोकळी जागा, मग स्क्रीन हा शब्द, त्याला लागून कोलन, त्याला लागून आर हे अक्षर आणि त्याला लागूनच १२८० एक्स १०२४ एक्स ६० असे टंकावे. कोलननंतर मोकळी जागा सोडू नये आणि गुणाकाराच्या चिन्हाऐवजी एक्स हे लहान अक्षर वापरावे. मग रीसेट-ऑल ही आज्ञा द्यावी. हेच काम सोलारिस चालू असताना रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून ईईप्रॉम या आज्ञेनेही करता येते. यानंतर सुरुवातीचा मजकूर एलसीडीच्या मूळ मापात, रेखीव दिसला पाहिजे. तसा दिसला, तर दुसरे ठिकाण आपल्या ताब्यात आले.

दुसरी पायरी सोलारिसमधील आहे. लॉगिनचा पडदा येऊ नये म्हणून ओके संकेतावर बूट या आज्ञेला उणे-एस हा पर्याय देऊन सिंगल यूझर पातळीवर यावे. या कार्डासाठीची आज्ञा एफएफबीकॉन्फिग ही आहे. तिला सर्वप्रथम पीआरकॉन्फ हा पर्याय द्यावा. ती कार्डाचा प्रकार, डॅक (मॉनिटरसाठी संकेत तयार करणारी चिप) आणि थ्रीडीरॅमची माहिती, वाचलेला सेन्स संकेत, त्या मॉनिटरला शक्य असलेले मोड आणि सध्याचा मोड असे सगळे छापते. कार्ड दुहेरी बफरचे आणि झेड-बफर (खोलीचा बफर) असलेले आहे का, हे येथेच कळते. जुन्या बाजारातून घेतलेल्या कार्डावर क्रिएटर थ्रीडी असे लेबल असून आत साधे क्रिएटर निघाल्याची उदाहरणे आहेत. मग पीआरऑप्ट हा पर्याय द्यावा. तो हार्डवेअरविषयी काही सांगत नाही, फाइलीत काय लिहिले आहे एवढेच सांगतो. आपल्या बाबतीत तेथे १२८०×१०२४×७६ दिसेल, असा माझा अंदाज आहे.

ती नोंद बदलण्यासाठी रेस हा पर्याय आणि पुढे नवा मोड द्यावा. येथे सेन्स संकेत ७ असल्यामुळे आज्ञा इशारा देऊन पुढे जायचे का असे विचारील किंवा मोड नाकारील. तसे झाले तर मोडनंतर नोचेक हा शब्द जोडावा, म्हणजे मॉनिटरच्या संकेताशी ताडून पाहण्याचे बंद होते. मोड आधी पारखून पाहायचा असेल तर ट्राय हा शब्द उपयोगी आहे. तो दिल्यास मोड लगेच लागू होतो आणि १० सेकंदांत वाय ही कळ दाबली नाही तर आधीचा मोड परत येतो. नाऊ या शब्दानेही मोड तत्काळ लागू होतो, पण परत फिरण्याची सोय त्यात नाही. नाऊ आणि ट्राय हे दोन्ही शब्द विंडो सिस्टिम चालू असताना वापरू नयेत. परिणाम काय होईल याची शाश्वती नसते. सगळेच गोंधळलेले वाटले तर डिफॉल्ट्स हा पर्याय सर्व नोंदी मूळपदावर आणतो.

ओडब्ल्यूकॉन्फिग या नावाच्या दोन फाइली असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे. एक एटसी निर्देशिकेतील ओपनविनखाली असते आणि ती त्या यंत्रापुरती असते. दुसरी यूएसआर निर्देशिकेतील ओपनविनखाली असते आणि ती पूर्वी जाळ्यावरून अनेक यंत्रांना सामाईक असे. आज्ञेला वेगळे काही सांगितले नाही, तर ती यंत्रापुरत्या फाइलीत लिहिते, आणि तेच योग्य आहे.

आता रंगांविषयी. माउस हलवल्यावर रंग बदलणे हा ८ बिटांच्या सुडोकलर दृश्यप्रकाराचा (पिक्सेलमधील आकड्याचा रंग ठरवण्याच्या एका पद्धतीचा) नेहमीचा परिणाम आहे. कार्ड २४ बिटांचे असले, तरी एक्ससन हा सर्व्हर जुन्या प्रोग्रॅमांच्या सोयीसाठी सुरुवातीला ८ बिटांचा दृश्यप्रकार देतो. २५६ रंगांची तक्ता-जागा सगळ्या प्रोग्रॅमांत वाटून घ्यावी लागते आणि एखाद्याने स्वतःचा वेगळा तक्ता मागितला की इतरांचे रंग भलतेच दिसू लागतात. यासाठी यूएसआर निर्देशिकेतील डीटी, त्याखालील कॉन्फिगमधून एक्ससर्व्हर्स ही फाइल एटसीखालील डीटी, कॉन्फिग या जागी नक्कल करून न्यावी आणि एक्ससनच्या ओळीच्या शेवटी उणे-डेव्ह हा पर्याय, त्यापुढे कार्डाच्या साधनाचे नाव आणि मग डेफडेप्थ २४ असे जोडावे. मूळ फाइलीत बदल करू नये, कारण पॅच लावताना ती पुसली जाऊ शकते. ही नोंद एफएफबीकॉन्फिगमध्ये शोधण्यात लोक फार वेळ घालवतात. ती तेथे नाहीच.

२४ बिटांवर गेल्यावर एखादा जुना कॅड प्रोग्रॅम ८ बिटांसाठी हटून बसेल, तर त्यासाठी कार्डात वेगळी सोय आहे. ८ बिटांचा एक ओव्हरले दृश्यप्रकार २४ बिटांच्या पिक्सेलांपासून स्वतंत्र जागेत राहतो, त्यामुळे त्यातील मेनू उघडला-मिटला तरी खालचे त्रिमिती चित्र पुन्हा काढावे लागत नाही. मात्र याच ८ बिटांच्या जागेतील काही मूल्ये खिडक्यांच्या ओळखक्रमांकांसाठी राखून ठेवलेली असतात. मॅक्सविड्स या पर्यायाने ही संख्या ठरते. ती ३२ असेल तर ओव्हरलेमध्ये रंगांसाठी २२४ मूल्ये उरतात. पूर्ण २५६ रंग मागणारा प्रोग्रॅम मग तक्रार करतो. संख्या कमी केली तर रंग वाढतात, पण एकाच वेळी उघडता येणाऱ्या त्रिमिती खिडक्या कमी होतात. दोन-तीन त्रिमिती खिडक्या वापरणाऱ्याने ती ८ वर आणायला हरकत नाही. ज्याला तक्रार दिसत नाही, त्याने याला हात लावू नये.

गॅमाचा, म्हणजे पडद्यावरील उजळपणाच्या दुरुस्तीचा, गोंधळ याहून अधिक वेळा होतो. या कार्डावर २४ बिटांचा ट्रूकलर दोन रूपांत मिळतो, रेषीय आणि अरेषीय. रेषीय रूपात कार्ड स्वतः २.२२ या मूल्याने गॅमा दुरुस्ती करते, जी प्रकाशाचे गणित करून चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅमांना हवी असते. छायाचित्रे आणि डेस्कटॉपची चित्रे ही दुरुस्ती आधीच अंगावर घेऊन आलेली असतात. डेफलिनियर हा पर्याय ट्रू केला की डिफॉल्ट दृश्यप्रकार रेषीय होतो आणि त्यामुळे नेहमीच्या खिडक्याही रेषीय होतात, चित्रांवर दुहेरी दुरुस्ती होते आणि सगळे धुतल्यासारखे फिके दिसू लागते. म्हणून तो फॉल्सच ठेवावा. एखादा त्रिमिती प्रोग्रॅम यादीतील पहिलाच २४ बिटांचा दृश्यप्रकार आंधळेपणाने उचलत असेल आणि त्याचे चित्र फार गडद येत असेल, तर लिनियरऑर्डर या पर्यायाला फर्स्ट असे मूल्य द्यावे. गॅमाचे मूल्य मात्र विंडो सिस्टिम चालू असतानाही बदलता येते, आणि एलसीडीवर डोळ्यांना रुचेल असे मूल्य शोधायला ते सोयीचे पडते.

पुढे दुसरे कार्ड लावण्याचा विचार असेल, तर अल्ट्रा ६० मध्ये ग्राफिक्ससाठी दोन यूपीए (सनच्या स्वतःच्या जोडमार्गाच्या) खाचा आहेत. कार्ड बसवल्यावर बूटला उणे-आर पर्याय देऊन एकदा सुरू करावे, म्हणजे एफएफबी० आणि एफएफबी१ अशी दोन साधने तयार होतात. एफएफबीकॉन्फिगला डेव्ह हा पर्याय देऊन प्रत्येक साधनाचा मोड स्वतंत्रपणे लिहावा आणि एक्ससर्व्हर्समधील ओळीत दोन्ही साधने नोंदवावीत. दोन्ही पडदे मिळून एकच डेस्कटॉप हवा असेल तर झिनेरामा सोलारिस ७ पासून उपलब्ध आहे, पण त्यासाठी दोन्ही कार्डे एकाच प्रकारची असणे इष्ट.

याच यंत्रावर लिनक्स घालून पाहायचे असेल, तर एफएफबीकॉन्फिग तेथे नाही. तेथील ड्रायव्हर या कार्डाचा मोड बदलत नाहीत, पीरॉमने सुरू करून दिलेला मोडच पुढे वापरतात. त्यामुळे तिथे सर्व भिस्त एनव्हीरॅममधील त्या एका नोंदीवर असते. आणि एनव्हीरॅमची चिप तिच्या आत बंद असलेल्या बॅटरीवर स्मृती राखते. इतक्या वर्षांनंतर ती बॅटरी बहुधा संपलेली असते, आणि संपली असल्यास यंत्र सुरू होताना आयडीप्रॉममधील मजकूर अवैध असल्याचा संदेश येतो, इथरनेटचा पत्ता नाहीसा होतो आणि आपण लिहिलेला मोडही वीज बंद होताच पुसला जातो. तो संदेश आपल्याला दिसत असेल, तर आधी ती चिप बदलावी. नवी चिप मिळेपर्यंत प्रत्येक वेळी ओके संकेतावर ती ओळ पुन्हा टंकावी लागेल, आणि काही दिवसांत ती न पाहता टंकता येऊ लागते.